डावीकडे वळताना लागणारा ब्रेकचा लाल दिवा: नेमकं काय तपासू?

सांजवारा

नमस्कार मंडळी,

गाडी नऊ वर्षांची आहे. पेट्रोल, हाताचे गिअर, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. गेल्या आठवड्यापासून डॅशबोर्डवरचा लाल दिवा (वर्तुळात उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंस) अधूनमधून लागतोय. सरळ रस्त्यावर कधीच लागत नाही. डावीकडे जरा वेगात वळलं की दोन सेकंद लागतो आणि विझतो. उतारावर तोंड खाली करून ब्रेक दाबून उभं राहिलं तर लागूनच राहतो. हँडब्रेक पूर्ण खाली असतो, दहा वेळा पाहिलंय.

पेडल नेहमीसारखंच वाटतं, गाडी नेहमीच्याच अंतरात थांबते, एका बाजूला ओढत नाही. बाकी तक्रार म्हणाल तर सकाळी रिव्हर्स टाकताना कर्र्र आवाज येतो. पण तो गिअरबॉक्सचा विषय आहे, त्याचा धागा वेगळा काढेन.

ज्या गॅरेजमध्ये दाखवली तिथे "सेन्सर गेलाय, वायर काढून ठेवतो, त्रास मिटेल" म्हणाले. मी नको म्हटलं आणि गाडी घेऊन परत आलो. या गाडीत रोज माझी आई आणि दोन मुलं बसतात. दिवा का लागतोय हे कळल्याशिवाय तो विझवायचा नाही, एवढं ठरवलंय. कुठून सुरुवात करू?

स्टेपनी

वायर काढू दिली नाहीत, फार चांगलं केलंत. आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघा. मॅक्स आणि मिनच्या मध्ये पातळी कुठे आहे ते कळवा.

जुनाहात

वळताना लागतो आणि सरळ रस्त्यावर विझतो, यातच अर्धं उत्तर आहे.

ब्रेक ऑइलच्या डबीत एक तरंगता तुकडा असतो, त्यात लोहचुंबक. पातळी खाली आली की तो खाली बसतो आणि चुंबकामुळे डबीच्या तळाशी असलेला छोटा स्विच जोडला जातो. झालं, दिवा लागला. पातळी अगदी काठावर असेल तर गाडी डावीकडे वळताना ऑइल उजवीकडे झुकतं, तरंगत्याखालचा आधार क्षणभर जातो आणि दिवा लुकलुकतो. उतारावर ऑइल पुढे झुकून तिथेच थांबतं, म्हणून दिवाही थांबतो. तुमचा सेन्सर बहुतेक ठणठणीत आहे आणि त्याचं काम करतोय.

आता पातळी खाली का आली? दोनच वाटा आहेत. पहिली, ब्रेक पॅड झिजले. पॅड झिजतो तसा कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन बाहेर येत जातो आणि त्याच्यामागची वाढलेली जागा ऑइल भरून काढतं. ऑइल कुठेही सांडलेलं नसतं, ते डबीतून कॅलिपरमध्ये उतरलेलं असतं. दुसरी वाट म्हणजे गळती. म्हणून पातळी बघितल्यावर लगेच पॅडची जाडी बघा. नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटरचा असतो. ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायचा.

वेगवान

एवढा खटाटोप कशाला? ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, डबीवर जो प्रकार लिहिलाय तो आणा, मॅक्सपर्यंत भरा, दिवा गायब. मी दोनदा असंच केलंय आणि गाडी झकास चालतेय.

जुनाहात

@वेगवान, दोनदा भरलं म्हणजे दोनदा कमी झालं होतं. ते गेलं कुठे, हे तुम्ही बघितलंत का?

आणि पॅड झिजलेले असताना मॅक्सपर्यंत भरलं, तर पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे रेटावे लागतात. तेव्हा तेच ऑइल उलट येऊन डबीतून बाहेर सांडतं. ब्रेक ऑइल रंगाला वाईट, जिथे पडेल तिथला रंग फुगून निघतो. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं.

सांजवारा

पाहिलं. पातळी मिनच्या रेघेच्या केसभर खाली आहे. ऑइलचा रंग चहासारखा झालाय. पॅड मात्र चाकाच्या फटीतून टॉर्च मारून बघितले तर चांगले सात-आठ मिलिमीटर दिसतात. आठ महिन्यांपूर्वीच बदललेत, तेव्हा पातळी मॅक्सला होती. मग एवढं खाली कसं आलं?

स्टेपनी

आठ महिन्यांत पॅड तीन-चार मिलिमीटर झिजले, हे हिशोबात धरलं तरी मॅक्सवरून मिनच्या खाली यायला नको. पॅड नवे ते पूर्ण झिजलेले, एवढ्या काळात साधारण तेवढं उतरतं. मला गळतीचाच संशय येतोय. आतल्या बाजूचा पॅडही बघा, तो कधीकधी बाहेरच्यापेक्षा लवकर संपतो आणि फटीतून दिसत नाही.

सावलीतला_रस्ता

सांजवारा, शोध चालू ठेवा, पण तोवर रोज निघण्याआधी पेडलची परीक्षा घ्या. मी शिकाऊ होतो तेव्हा उस्तादांनी शिकवली होती, आजही सोडलेली नाही.

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबायचं, ते कडक होतं. पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करायचं. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) ठीक. मग इंजिन चालू असताना पेडल घट्ट दाबून अर्धा मिनिट धरून ठेवायचं. जागच्या जागी राहिलं तर उत्तम. पायाखालून हळूहळू बुडायला लागलं, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या भागाच्या) आतलं सील जातंय किंवा कुठेतरी गळतंय. दाबल्यावर स्पंजासारखं लागलं तर लाइनमध्ये हवा आहे.

पेडल बुडत असेल तर गाडी जागेवरून हलवायची नाही, टोइंग बोलवायचं. गॅरेज कोपऱ्यावर असलं तरी. ही गोष्ट मी कळकळीने सांगतोय.

विद्युत_जोडणी

ऑइलचा संशय रास्त आहे, पण दिव्याच्या वायरिंगचाही खुलासा करून टाका, दहा मिनिटांचं काम आहे. हा दिवा एकाच कारणाने लागत नाही. हँडब्रेकचा स्विच, डबीतला स्विच आणि एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या व्यवस्थेचा) कंट्रोलर अशा बऱ्याच ठिकाणांहून त्याला हुकूम येतो. साध्या वायरिंगच्या गाड्यांत हे स्विच दिव्याच्या वायरीला अर्थ देतात आणि दिवा लागतो. तेव्हा दिवा लागलेला असताना हँडब्रेकच्या बुडाशी असलेल्या स्विचचं कनेक्टर काढा. विझला तर दोष तिथे. नाही विझला तर ते परत लावा आणि डबीचं कनेक्टर काढा. विझला तर पातळी कमी आहे किंवा तरंगता अडकलाय. नव्या गाड्यांत सगळं कंट्रोलरमधून जातं, तिथे कनेक्टर काढल्यावर उलट नवीच चूक नोंदली जाते. तिथे स्कॅनरच लावावा.

हे फक्त शोधापुरतं. कनेक्टर काढून ठेवून गाडी चालवायची नाही.

आणखी एक. इग्निशन ऑन केल्यावर हा दिवा काही सेकंद लागतोच, ती त्याची स्वतःची तपासणी असते. तेव्हाही लागला नाही तर जास्त काळजी करा, कारण मग खरा प्रसंग आला तरी तो गप्प राहील.

मोगरा

आमच्याकडे हाच दिवा तीन दिवस छळत होता. शेवटी निघालं काय, तर मोबाइलच्या चार्जरची वायर हँडब्रेकच्या दांड्याखाली जाऊन बसली होती. दांडा खाली आल्यासारखा दिसायचा, पण पूर्ण टेकत नव्हता. माझी मुलगी त्या दिव्याला "रागावलेलं उद्गारचिन्ह" म्हणते. वायर काढली तेव्हा म्हणाली, "आता त्याचा राग गेला."

मागची_सीट

धाग्यात मध्येच घुसतोय, क्षमस्व. माझ्या गाडीत लाल दिवा आणि पिवळा एबीएस दोन्ही एकदम लागतात. डबी काठोकाठ, हँडब्रेक खाली. मागच्या चाकाचं बेअरिंग बदलल्यापासून सुरू झालंय. चालवू का?

विद्युत_जोडणी

@मागची_सीट, एकटा पिवळा असता तर साधे ब्रेक शाबूत आणि फक्त एबीएस बंद, असं म्हणता आलं असतं. लाल आणि पिवळा जोडीने लागले की बहुतेक वेळा ईबीडीही बंद पडलेलं असतं. पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी व्यवस्था ती. ती नसेल तर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात आणि गाडी फिरते. पावसात तर नकोच. लांबचा प्रवास रद्द करा आणि हळू चालवत थेट दुरुस्तीला न्या.

बेअरिंगनंतर सुरू झालंय ना? मग चाकाच्या वेगाचा सेन्सर बघायला सांगा. बऱ्याच बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकी पट्टी असते. बेअरिंग उलटं बसलं की सेन्सरला काही दिसतच नाही.

पानगळ

अवांतर: आज आपण एबीएसचा दिवा लागला म्हणून घाबरतो, पण बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत आली ती १९७८ साली. त्याआधी बहुतेक गाड्यांत चाक लॉक होऊ न देणं हे चालवणाऱ्याच्या पायावर होतं. आणि चारही चाकांना तेलाच्या दाबाचे ब्रेक असलेली पहिली प्रवासी गाडी ड्यूसेनबर्ग मॉडेल ए, १९२१ ची. म्हणजे डबीत ऑइल किती आहे ही चिंता शंभरी ओलांडून गेली.

सावलीतला_रस्ता

पानगळ, छान माहिती. त्यातच एक भर. आता ब्रेकची लाइन दोन स्वतंत्र भागांत असते. पुढच्या चाकाच्या ओढीच्या गाड्यांत बहुधा तिरकी: पुढचं डावं आणि मागचं उजवं एकत्र, तसंच उरलेली दोन. एक भाग फुटला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते, पण पेडल खोल जातं आणि अंतर खूप वाढतं. म्हणून मास्टर सिलिंडरच्या डबीतही आत आडवी भिंत असते. एका बाजूचं ऑइल गेलं तरी दुसऱ्या बाजूचं उरावं यासाठी.

कावेरी_तीर

भरण्याबद्दल बोलणं निघालंय म्हणून सांगते. माझ्या बाबांच्या गाडीत एका ठिकाणी चुकून ब्रेकच्या डबीत पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलं गेलं. दोन दिवसांत डबीच्या झाकणातलं रबर फुगून दुप्पट झालं, झाकण बसेना. तेव्हा लक्षात आलं. मास्टर सिलिंडर, कॅलिपरची सीलं, मागचे व्हील सिलिंडर, रबरी होज, सगळं बदलावं लागलं. खनिज तेल या रबराला चालत नाही. त्या दोन दिवसांत बाबा घाट उतरून आले होते, आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

झाकणावर जो डॉट क्रमांक लिहिलाय तोच वापरा. डॉट ३, ४ आणि ५.१ एका कुळातले. डॉट ५ सिलिकोनचं, ते यांत मिसळायचं नाही. नावं इतकी सारखी आहेत की बाटली दोनदा वाचावी.

जुनाहात

कावेरीताई, अगदी खरं. आणि सीलबंद बाटलीच घ्यावी. हे ऑइल हवेतला ओलावा पितं. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ मध्ये २०५ वरून १४०. लांब उतारावर ब्रेक तापले की पाणी मुरलेलं ऑइल उकळतं, त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकतं. सांजवारा, तुमचं चहाच्या रंगाचं ऑइल तसंही बदलायला झालंय. साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं.

आणि एक करा. डबीवर चिकटपट्टी लावा, आजच्या पातळीला पेनने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. गाडी सपाट जागी उभी असताना रोज बघा.

सांजवारा

पाच दिवसांनी परत आलो. सगळ्यांनी सांगितलेलं एकेक केलं.

पेडलच्या तिन्ही परीक्षा पास. हँडब्रेकचं कनेक्टर काढलं, दिवा तसाच. डबीचं काढलं, विझला. चारही चाकं उतरवून बघितली. आतले पॅड सात मिलिमीटर. होज कोरडे. मागचे ड्रम काढून व्हील सिलिंडरची रबरी टोपी हलकेच उचलून पाहिली, आत टिपूस नाही. मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथे बसतो तिथे खालून पांढरा कागद फिरवला, कोरडा. नट सैल करून सिलिंडर किंचित पुढे ओढून पाहिला, बूस्टरच्या तोंडाशीही ओल नाही.

आणि चिकटपट्टीवरच्या रेघेवरून पातळी पाच दिवसांत हललेली नाही. आता मात्र मती गुंग झाली.

वेगवान

पातळी हलत नाही म्हणजे गळती नाही. आधी पॅड बदलताना कुणीतरी कमी भरलं असेल. आता तरी भरा.

सांजवारा

वेगवान, पॅड बदलले तेव्हा मी शेजारीच उभा होतो. पातळी मॅक्सला होती, ही आठवण पक्की आहे.

अबोली

मी पूर्ण धागा आत्ता वाचला. सांजवारा, तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये एक वाक्य आहे, ज्याचा तुम्ही वेगळा धागा काढणार होता. सकाळी रिव्हर्स टाकताना कर्र्र आवाज येतो.

तुमच्या गाडीचा क्लच केबलचा आहे की ऑइलचा? ऑइलचा असेल तर त्याला वेगळी डबी आहे का? बऱ्याच गाड्यांत नसते. ब्रेकच्या डबीतूनच एक बारीक नळी क्लचच्या मास्टर सिलिंडरकडे जाते. ही नळी डबीच्या तळातून निघत नाही, मुद्दाम वरच्या अंगाला काढलेली असते. क्लच गळला तरी ब्रेकचं ऑइल शिल्लक राहावं म्हणून.

आता जोडून बघा. क्लचकडून गळत गेलं तर पातळी त्या नळीच्या तोंडापर्यंतच उतरेल आणि तिथे थांबेल. तुमची रेघ हलत नाही ती यामुळे. पुढे क्लचला ऑइलऐवजी हवा मिळायला लागते, तो पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स ओरडतो. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवून देणारा भाग) नसतो, म्हणून सगळ्यात आधी त्याचीच तक्रार येते.

टॉर्च घेऊन क्लच पेडलच्या वर, जिथे पेडलची दांडी भिंतीत शिरते तिथे बघा. तिथे कोरडं असेल तर गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा) बघा.

स्टेपनी

अबोलीताई, मानलं. आम्ही सगळे चाकांभोवतीच फिरत राहिलो.

सांजवारा

अबोली, काय सांगू! डबीला बाजूने एक काळी नळी निघालेली आहे, अगदी मिनच्या रेघेशी. नऊ वर्षांत कधी लक्ष गेलं नव्हतं.

पेडलांच्या खाली आडवा झालो आणि टॉर्च मारला. क्लच पेडलच्या दांडीवरची रबरी टोपी ओली. बोट लावलं तर पातळ, तेलकट. टोपी मागे सरकवली तर साचलेला थेंब दांडीवरून घरंगळत माझ्या मनगटावर आला. पेडलच्या पट्टीचा काळा रंग तिथे फुगून सालपटं निघाली आहेत आणि खालच्या मॅटखालचा गालिचा तळहाताएवढा चिकट झालाय. बाहेर जमिनीवर थेंब कसा दिसणार होता? सगळं गाडीच्या आतच मुरत होतं.

उद्या गाडी दुसऱ्या गॅरेजला नेतोय. क्लचचा मास्टर सिलिंडर बदलायचा, क्लचची हवा काढायची आणि सोबत ब्रेकचंही सगळं ऑइल नवं. अजून काही सांगायचं?

जुनाहात

स्लेव्ह सिलिंडरही बघून घ्या, दोघांचं वय एकच. हवा काढताना डबी रिकामी होऊ देऊ नका. ब्रेकच्या लाइनमधून एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला काही गाड्यांत स्कॅनर लागतो. चारही चाकांना निपलमधून (हवा काढायच्या तोटीतून) स्वच्छ ऑइल येईपर्यंत थांबू नका म्हणावं. आणि गालिचा पाण्याने नीट धुवा.

मागची_सीट

माझंही कळवतो. बेअरिंग खरंच उलटं बसलं होतं. सरळ बसवल्यावर दोन्ही दिवे गेले. विद्युत_जोडणी, मनापासून आभार.

वेगवान

जुनाहात यांनी विचारलेला प्रश्न डोक्यातून जात नव्हता, म्हणून आज चाक काढलं. पुढचे पॅड, बाहेरचा चार मिलिमीटर आणि आतला जेमतेम दोन. फटीतून बाहेरचाच दिसत होता. दोनदा भरलेलं ऑइल कॅलिपरमध्ये जाऊन बसलेलं आहे. उद्या पॅड बदलतोय. सांजवारा, तुम्हाला नुसतं भरा म्हणालो, तो सल्ला मागे घेतो.

सावलीतला_रस्ता

@वेगवान, पिस्टन मागे रेटण्याआधी डबीतलं जास्तीचं ऑइल स्वच्छ पिचकारीने काढून घ्या, नाहीतर सांडेल.

सांजवारा

तीन आठवड्यांनी लिहितोय. क्लचचा मास्टर आणि स्लेव्ह दोन्ही नवे, ब्रेकचं ऑइल पूर्ण बदललं. जुना मास्टर सिलिंडर मी मागून घेतला आणि घरी उघडला. सीलची कड एका बाजूने नखाएवढी फाटलेली होती.

रिव्हर्स आवाज न करता पडतो. काल आईला घेऊन घाट उतरलो, वाटेत एका वळणावर मुद्दाम तोंड खाली करून ब्रेक दाबून थांबलो, दिवा लागला नाही. डबीवरची चिकटपट्टी बदलली आहे. नवी रेघ, नवी तारीख. आज सकाळी पाहिलं, पातळी रेघेवरच आहे.